बागेत खडी टाकायची आहे, किती मागवू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणात, पायवाटेवर, झाडांच्या आळ्यांत किंवा गच्चीवर खडी अंथरायच्या आधी लोक मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण असते. लांबी-रुंदी सगळे मोजतात, जाडी मात्र अंदाजाने धरतात, आणि पुरवठादार "एक ट्रॉली बास होईल" म्हणाला की मान डोलावतात. माझ्या पहिल्या अंगणाच्या वेळी मीही तेच केलं. दोन ट्रॉल्या आल्या, सव्वा पुरली असती. उरलेला ढीग घरासमोरच्या रस्त्यावर राहिला, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वाहून गटारात गेला आणि शेजारच्या दोन घरांच्या दारात पाणी साचलं. तेव्हापासून टेप हातात घेतल्याशिवाय मी खडीचा भावसुद्धा विचारत नाही.

1. ताई, सूत्रबित्र नको, किती खडी लागेल ते सरळ कसं काढायचं?

सूत्र एका ओळीचंच आहे. क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्या, त्याला जाडीच्या इंचांनी गुणा, 12 ने भागा. उत्तर घनफुटांत येतं. त्याला 100 ने भागलं की ब्रास.

समजा अंगण 20 फूट लांब आणि 15 फूट रुंद आहे, म्हणजे 300 चौरस फूट. जाडी अडीच इंच हवी. 300 गुणिले 2.5 म्हणजे 750, भागिले 12 म्हणजे 62.5 घनफूट. त्यात दहा टक्के वाढवले की 69 घनफूट, साधारण 0.7 ब्रास. दहा टक्के कशासाठी ते प्रश्न 8 मध्ये आहे.

उलटा हिशोबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1200 ला जाडीच्या इंचांनी भागा, म्हणजे एक ब्रास खडी किती चौरस फुटांवर पसरेल ते कळतं. दोन इंचांना 600 चौरस फूट, तीन इंचांना 400, चार इंचांना 300. अख्ख्या एका गुंठ्यावर, म्हणजे 1089 चौरस फुटांवर, दोन इंच खडी टाकायची तर सुमारे 1.8 ब्रास लागेल.

2. ब्रास म्हणजे नक्की किती? आमच्याकडे कुणी ट्रॉलीला ब्रास म्हणतं, कुणी टेम्पोला.

ब्रास म्हणजे 100 घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच असा थर डोळ्यांसमोर आणा. घनमीटरमध्ये तो 2.83 होतो. ब्रास हे आकारमानाचं माप आहे. ते वाहनाचं नाव नाही आणि वजनही नाही. महाराष्ट्रात खाणीतून निघणाऱ्या दगड-मुरुमावरचं स्वामित्वधन, म्हणजे सरकारची रॉयल्टीसुद्धा ब्रासवर आकारतात. त्यामुळे वाहतुकीच्या पासावर किती ब्रास लिहिले आहेत ते गाडी रिकामी होण्याआधी वाचा. ट्रॉलीत खरंच किती मावतं ते कसं मोजायचं, हे प्रश्न 11 मध्ये आहे.

3. जाडी किती धरू? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सगळ्या पानावरचा महत्त्वाचा प्रश्न हाच. लांबीत अर्धा फूट चुकला तर फारसं बिघडत नाही. जाडीत एक इंच चुकला तर खडी दीडपट मागवली जाते, नाहीतर तिसरा हिस्सा कमी पडते.

जाडी दोन गोष्टींवर ठरते, दगडाचा आकार आणि त्यावरून काय जाणार. थर दगडाच्या आकाराच्या किमान अडीचपट असावा, नाहीतर खालची माती दिसत राहते आणि चालताना दगड बाजूला सरकतो. 10 मिलिमीटरच्या बारीक खडीला दीड इंच पुरतो. 20 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंची खडीला दोन ते अडीच इंच. 40 मिलिमीटरच्या दीड इंची खडीला चार इंच लागतात. म्हणूनच घरच्या बागेसाठी ती घेऊ नका असं मी सांगते: खडी जास्त लागते आणि चपलेतून टोचते.

नुसती शोभा म्हणून, पाय न पडणाऱ्या जागेत दोन इंचही पुष्कळ होतात. पायवाटेला अडीच. जास्त जाड थर अधिक चांगला, हा समज मात्र मनातून काढा. चार इंच सुट्या खडीवर पाय रुततो. म्हाताऱ्या माणसाला आणि व्हीलचेअरला ती वाट बंद होते. आजी-आजोबा घरात असतील तर वाटेला 10 ते 12 मिलिमीटरची खडी, दीड-दोन इंच, खाली चोपलेला मुरूम. ही वाट त्यांच्या पायाला घट्ट लागते.

जाडी ठरली की जमिनीत एक खुंटी ठोका आणि तिच्यावर रंगाने खूण करा. दर पाच-सहा फुटांवर अशी खुंटी असली की दाताळ्याने पसरवणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं. डोळ्यांच्या अंदाजाने पसरवलेली खडी ढिगाजवळ चार इंच आणि कोपऱ्यात एक इंच होते.

4. कच, ग्रिट, डस्ट, मुरूम यांत फरक काय? हिशोब वेगळा लागतो का?

नावं गावागणिक बदलतात, म्हणून मागवताना नाव सांगू नका, मिलिमीटर सांगा. क्रशरवर चाळणीने 20, 12, 10 आणि 6 मिलिमीटर असे आकार वेगळे होतात. 6 मिलिमीटरच्या आसपासच्या बारीक खड्याला बऱ्याच ठिकाणी कच किंवा ग्रिट म्हणतात. डस्ट म्हणजे त्याखालची भुकटी. मुरूम म्हणजे झिजलेल्या खडकाचा मातीमिश्रित खडा, तो चोपल्यावर घट्ट बसतो.

आकारमानाचा हिशोब सगळ्यांना तोच आहे. फरक पडतो तो दबण्यात. खडी थोडी दबते, मुरूम बराच दबतो (प्रश्न 7 पाहा).

5. आमची जागा चौकोनी नाही. एका बाजूला गोल, मध्ये निमुळती. क्षेत्रफळ कसं काढू?

कागदावर जागेचा आकार काढा आणि चौकोन, त्रिकोण असे तुकडे पाडा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, भागिले दोन. वर्तुळाचं म्हणजे 3.14 गुणिले त्रिज्येचा वर्ग.

नागमोडी पायवाट असेल तर तिच्या मधोमध सुतळी टाका, सुतळीची लांबी मोजा आणि रुंदीने गुणा. 40 फूट सुतळी, तीन फूट रुंद वाट, म्हणजे 120 चौरस फूट. वळणं कितीही असली तरी चालतं.

कसलाच आकार नसलेल्या जागेत लांबीच्या दिशेने दोरी ताणा आणि दर पाच फुटांवर रुंदी मोजा. माझ्या एका परिचितांच्या परसात 20 फुटांच्या दोरीवर 6, 8, 9, 7 आणि 5 फूट अशी मापं आली. सरासरी सात, म्हणून 140 चौरस फूट. यात जी थोडी चूक राहते ती वाढीव दहा टक्क्यांत सामावते.

6. झाडांच्या आळ्यांत खडी टाकायची आहे. बारा झाडं आहेत.

आळं म्हणजे कंकण. मोठ्या वर्तुळातून आतलं रिकामं वर्तुळ वजा करायचं. रिकामं कशाला? खडी खोडाला टेकू द्यायची नाही. चारी बाजूंनी निदान वीतभर जागा मोकळी हवी, नाहीतर खोडाच्या बुडाशी ओल धरून साल कुजते.

आळ्याची त्रिज्या दोन फूट आणि आतल्या मोकळ्या जागेची अर्धा फूट धरली, तर क्षेत्रफळ सुमारे 11.8 चौरस फूट. दोन इंच जाडीला जवळपास दोन घनफूट, म्हणजे 20 लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या साधारण तीन. बारा झाडांना 24 घनफूट, पाव ब्रास.

इथे माझं स्पष्ट मत आहे. फळझाडांच्या आणि लहान रोपांच्या आळ्यांत खडीपेक्षा वाळलेला पाला घाला. तो कुजून माती होतो. खडी नुसती तिथे राहते, उन्हात तापते आणि खत घालायच्या वेळी उपसावी लागते. चाफा, निवडुंग, कोरफड यांच्याभोवती खुशाल टाका.

7. आमची जमीन काळी आहे. गेल्या वर्षी टाकलेली खडी कुठे गेली तेच कळत नाही!

जमिनीत गेली. विदर्भ, मराठवाडा, सोलापूरकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगांत खडी उतरते, पावसात भेग मिटते, दगड आत राहतो. वर पुन्हा खडी टाकली तर तीही दोन-तीन वर्षांत त्याच वाटेने जाते. या जमिनीवर थेट खडी टाकू नका, कितीही मागवली तरी ती कमीच पडणार.

आधी वरची चार-सहा इंच माती काढा, कापड अंथरा (प्रश्न 15), त्यावर मुरूम घालून पाणी मारून धुमसाने किंवा रोलरने चोपा, आणि मग खडी. मुरमाच्या हिशोबात दबणं धरायचं असतं. सुटा मुरूम चोपल्यावर साधारण पाचवा हिस्सा खाली बसतो. चार इंच घट्ट थर हवा असेल तर पाच इंच सुटा मागवायचा. 300 चौरस फुटांना 125 घनफूट, म्हणजे सव्वा ब्रास मुरूम. लोक खडीचा हिशोब चोख करतात आणि मुरूम चार इंचांचाच मागवतात, मग तो कमी पडतो.

कोकणातल्या तांबड्या जमिनीची तक्रार वेगळी. तिथे भेगा नाहीत, पाऊस आहे. बारीक खडी पहिल्या दोन सरींतच उतारावरून निघून जाते. तिथे 20 मिलिमीटरच घ्या आणि कडेला चिऱ्यांची किंवा दगडांची रांग लावा. जांभ्याची खडी दिसायला फार सुंदर, पण पायाखाली झिजून तिचा लाल चिखल होतो. चालायच्या वाटेवर काळा दगडच टिकतो.

8. हिशोबापेक्षा जास्त किती घेऊ?

दहा टक्के. त्यात उंचसखल जमीन, दाताळ्याखाली बसणारी खडी आणि मोजण्यातली बारीक चूक येते. जमीन चोपलेली आणि सपाट असेल तर पाच टक्केही पुरतात. खाली भुसभुशीत माती असेल आणि कापड नसेल तर वीस टक्केही पुरणार नाहीत, तिथे आधी प्रश्न 7 वाचा.

"कमी पडली तर पुन्हा मागवू" हा बेत महाग पडतो. छोट्या खेपेलाही गाडीभाडं पूर्ण लागतं, आणि दुसऱ्या खाणीच्या दगडाचा रंग बहुधा जुळत नाही. एका अंगणात निळसर आणि तपकिरी काळ्या दगडाची रेघ कायम दिसत राहते. उलट बाजूने, "असू दे, उरली तर उरली" असंही करू नका. ही खडी कुठल्यातरी टेकडीची असते. पुणे, सातारा, नाशिक कुठल्याही रस्त्याने गेलात तरी अर्ध्या कापलेल्या टेकड्या दिसतात. लागेल तेवढीच मागवणं आपल्या हातात आहे.

9. पुरवठादार टनात भाव सांगतो. मी ब्रासमध्ये हिशोब केलाय. आता?

काळ्या दगडाची 20 मिलिमीटरची कोरडी, सुटी खडी घनमीटरला साधारण 1450 ते 1600 किलो भरते. म्हणजे एक ब्रास चार ते साडेचार टन. मध्यम आकडा हवा तर 4.25 टन, आणि एका घनफुटाला साडेबेचाळीस किलो. प्रश्न 1 मधल्या अंगणाला लागणारी 69 घनफूट खडी त्यामुळे 2.9 टन होते.

दोन पुरवठादारांचे भाव जुळवून पाहायचे तर टनाच्या भावाला 4.25 ने गुणा, ब्रासचा भाव समोर येतो. त्यातही एकाने भाडं धरलेलं असतं आणि एकाने नसतं, हे विचारायला विसरू नका.

खात्रीच करायची असेल तर क्रशरवरून एक बादली खडी आणा. ज्या बादलीत पाणी किती लिटर मावतं हे मोजलेलं आहे ती घ्या, काठोकाठ भरा, वरून फळी फिरवून सपाट करा आणि वजन करा. 20 लिटरच्या बादलीत 30 किलो खडी बसली, तर लिटरला दीड किलो, घनमीटरला 1500 किलो. प्रयोगशाळेत हीच गोष्ट आयएस 2386 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे ठरावीक मापाच्या नळकांड्यात करतात. बागेपुरती बादली पुरते.

10. पावसाळ्यात भिजलेली खडी वजनावर घेतली तर पाण्याचे पैसे देतो का?

20 मिलिमीटरच्या खडीत फारसे नाही. दगड घट्ट असतो, पाणी पृष्ठभागापुरतं राहतं, वजन दोन-तीन टक्क्यांनी वाढतं. कच, डस्ट आणि क्रश सँड यांचं मात्र उलट. बारीक कणांत पाणी भरपूर धरलं जातं आणि ओल्या वाळूचं वजन बरंच वाढतं.

आकारमानावर घेतलं तरी सुटका नाही. ओलसर बारीक वाळू फुगते, कारण पाण्याचा पातळ थर कणांना एकमेकांपासून दूर धरतो. वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त फुगवटा येऊ शकतो, आणि सुकल्यावर थर खाली बसतो. म्हणून बारीक माल उन्हाळ्यात, कोरडा असतानाच घ्या. खडी केव्हाही घेतली तरी चालते.

11. ट्रॉलीत खरंच एक ब्रास आहे का, हे कसं ओळखायचं?

टेप घेऊन. माल भरायच्या आधी जाता आलं तर उत्तम, नाहीतर रिकामी झाल्यावर मोजा. हौद्याची आतली लांबी, आतली रुंदी आणि जिथवर माल भरला होता तिथवरची उंची. बाहेरून मोजलं तर पत्र्याची आणि कोनांची जाडीही तुमच्या खडीत मोजली जाते. साडेनऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच हौद्यात 91 घनफूट बसतात. ही ट्रॉली "एक ब्रासची" म्हणूनच गावभर फिरते.

वर शीग असते ती वेगळी. मधोमध उंच दिसणारी शीग कडेला फाळक्याच्या खाली गेलेली असते, तेव्हा एकाने दुसरं भरून निघतं. माल खाली ओतण्यापूर्वी फाळक्याच्या आतल्या कडेला खडी काठापासून किती खाली आहे ते चारही कोपऱ्यांत बघा.

प्रवासात हादऱ्यांनी माल बसतो, हे खरं आहे. खडीच्या बाबतीत हे बसणं थोडंच असतं. चार बोटांपेक्षा जास्त रिकामी जागा दिसली तर "रस्त्यात बसली" हे कारण मान्य करू नका. चालकाशी भांडू नका, तो फक्त गाडी आणतो. फोटो काढून ज्याला पैसे द्यायचे त्याच्याशी बोला, आणि पैसे मोजमापानंतर देण्याचं आधीच ठरवा.

12. ट्रॉली आम्ही घरी नसताना ओतून गेली. ढिगावरून मोजता येईल?

येतं, आणि बऱ्यापैकी बरोबर येतं. सपाट जागी ओतलेला, न पसरवलेला ढीग शंकूसारखा असतो. बुडाशी दोरी फिरवून परीघ मोजा. शेंड्यावर एक काठी आडवी धरून तिच्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची घ्या. परीघाचा वर्ग गुणिले उंची, भागिले 37.7. परीघ 30 फूट आणि उंची साडेतीन फूट असेल तर 83 ते 84 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासपेक्षा थोडी जास्त.

पूर्ण एक ब्रास खडीचा ढीग सुमारे दहा फूट रुंद आणि पावणेचार फूट उंच होतो. घरच्या अंगणात तो छातीपर्यंत येतो. कमरेएवढा ढीग बघून कुणी ब्रास म्हणालं तर दोरी काढा. भिंतीला टेकलेला किंवा दोन जागी ओतलेला ढीग असेल तर हे सूत्र चालत नाही. मग 20 लिटरच्या बादलीने पसरवताना बादल्या मोजा. 142 बादल्यांचा एक ब्रास होतो.

13. पांढरे गोटे 25 किलोच्या गोणीत मिळतात. किती गोण्या?

बारीक गोट्यांची 25 किलोची गोणी दोन इंच जाडीला साधारण साडेतीन चौरस फूट झाकते. 40 चौरस फुटांच्या कोपऱ्याला बारा गोण्या.

दोन-तीन इंची मोठे गोटे असतील तर जाडीचा हिशोब सोडा, कारण ते एकाच थरात मांडतात. दुकानात एक फूट लांब आणि एक फूट रुंद जागेत हाताने मांडून बघा, तेवढेच वजन करा आणि क्षेत्रफळाने गुणा. खोका किंवा चौकट सोबत नेली की काम पाच मिनिटांचं.

पांढऱ्या गोट्यांवर पहिल्या पावसाळ्यात शेवाळ येतं आणि आंब्याखाली ते वर्षभरात काळवंडतात. झाडाखालच्या जागेला करडा किंवा काळाच दगड घ्या.

14. गच्चीवरच्या बागेत खडी टाकायची आहे. तोच हिशोब ना?

आकारमानाचा तोच. पण इथे आधी वजन काढायचं, मग खडीचा विचार करायचा. दोन इंच खडी चौरस मीटरला सुमारे 76 किलो भरते, चौरस फुटाला सात किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो वापरभार धरला आहे. दोन इंच खडीनेच त्यातला निम्मा खर्च झाला. उरलेल्यात कुंड्या, ओली माती, पाण्याची टाकी आणि दिवाळीला जमणारी माणसं बसवायची आहेत.

त्याहून मोठा धोका ढिगाचा. गच्चीवर खडी चढवून मजूर ती एका कोपऱ्यात ओततात. तीन फूट उंच ढिगाच्या मध्याखाली स्लॅबवर चौरस मीटरला 1370 किलो येतात, धरलेल्या भाराच्या नऊपट. कृपा करून हे होऊ देऊ नका. खडी गोण्यांतून वर न्या, आणि येईल तशी लगेच पसरवा. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक गोणीही चढवू नका.

पाणी जायच्या तोंडाशी जाळी लावा आणि तिच्याभोवती फूटभर जागा रिकामी ठेवा.

15. खाली कापड टाकलंच पाहिजे का? किती घ्यावं?

मातीवर थेट टाकणार असाल तर हो. जिओटेक्स्टाईल किंवा विणलेलं तणरोधक कापड घ्या. प्लॅस्टिकची ताडपत्री नको, तिच्यावर पाणी तुंबतं. कापड क्षेत्रफळापेक्षा पंधरा टक्के जास्त लागतं, कारण जोडावर सहा इंच एकावर एक आणि कडेला खाली दुमड घ्यायची असते.

लव्हाळ्याला मात्र कापड थांबवत नाही. त्याचं अणकुचीदार टोक कापड भेदून, खडीतून वर येतं. हरळीही जोडांतून वाट काढते. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या मुळ्या खणून काढणं हे खडी मागवण्याच्या आधीचं काम आहे. त्या आठवड्याची मेहनत टाळली तर पुढची कैक वर्षं खडीत वाकून तण उपटावं लागतं.

16. त्याच जागेत गाडी लावायची आहे.

मग बागेची जाडी चालणार नाही. खाली सहा इंच चोपलेला मुरूम, म्हणजे साडेसात इंच सुटा, आणि वर तीन इंच 20 मिलिमीटरची कोनदार खडी. 18 फूट लांब, 10 फूट रुंद जागेला मुरूम 112 घनफूट आणि खडी 45 घनफूट. खडीत पंधरा टक्के वाढवा, चाकाखाली ती दबते आणि सरकते. गोल गोटे इथे अजिबात नकोत. कोनदार दगड एकमेकांत अडकतात, गोटे चाकाखालून निसटतात.

17. वाटेत शहाबादी फरशा आहेत. त्यांची जागा वजा करू?

फरशा चोपलेल्या मुरुमावर बसल्या असतील आणि खडी फक्त मधल्या फटींत असेल, तर नक्की वजा करा. दोन फूट लांब-रुंद दहा फरशांनी 40 चौरस फूट कमी होतात. फरशा खडीच्याच थरावर टेकवणार असाल तर वजा करू नका. झाडांचे बुंधे, दिव्याचे खांब यांसाठी आकडेमोड करत बसू नका.

18. दोन आकारांची खडी मिसळली तर बेरीज करायची ना?

नाही, आणि इथे भलेभले चुकतात. 20 मिलिमीटरच्या सुट्या खडीत जवळपास 45 टक्के पोकळी असते. एक ब्रास खडीत अर्धा ब्रास कच मिसळलात तर बरीचशी कच त्या पोकळीत जाऊन बसते. हाती दीड ब्रास येत नाही, सव्वाच्या आसपास किंवा त्याहून कमीच येतं. मिश्रण हवंच असेल तर बादलीने आधी छोटं करून बघा, दोन बादल्या खडी आणि एक बादली कच मिळून किती बादल्या होतात ते मोजा आणि त्या प्रमाणात मागवा.

19. जागा उतारावर आहे.

मोजायला टेप उतारावरूनच धरा. दहा फुटांत एक फूट उतार असेल तर क्षेत्रफळात पडणारा फरक नगण्य असतो. त्याहून जास्त उतारावर सुटी खडी टिकत नाही. आडव्या दगडांच्या पायऱ्या करा आणि प्रत्येक टप्पा सपाट धरून वेगळा हिशोब करा.

20. कुंड्यांच्या तळाशी घालायला किती खडी लागेल?

शून्य. तळाशी खडी घातल्याने पाणी लवकर निचरत नाही. माती आणि खडी जिथे भेटतात तिथे पाणी अडून राहतं, आणि मुळांना मिळणारी माती तेवढी कमी होते. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवा, बस्स.

21. मी परदेशात आहे, इथे ब्रास कुणाला कळत नाही.

अमेरिकेत घनयार्ड चालतो. एक घनयार्ड म्हणजे 27 घनफूट, तेव्हा आपला ब्रास 3.7 घनयार्ड होतो. तिथला टन 907 किलोंचा असतो हे वजनाने घेताना ध्यानात ठेवा. इंग्लंडमध्ये मोठ्या पिशव्या मिळतात. पिशवीवरचे किलो साडेबेचाळीसने भागा, घनफूट कळतील. 850 किलोंची पिशवी म्हणजे 20 घनफूट, दोन इंच जाडीला 120 चौरस फूट.

22. पाच वर्षांपूर्वीची खडी आहे. नवीन भर किती लागेल?

आधी जुनी मोजा. पाच-सहा ठिकाणी हाताने खडी बाजूला करून पट्टी उभी धरा आणि मापांची सरासरी काढा. अडीच इंच हवी होती आणि सरासरी दीड भरली, तर एक इंचाची भर. 300 चौरस फुटांना 25 घनफूट, पाव ब्रास.

पण पट्टी धरताना खडीत माती आणि कुजलेला पाला दिसला तर भर घालण्याआधी जुनी खडी उपसून चाळा. बारीक जाळीवर टाकून पाणी मारलं की माती खाली आणि दगड वर राहतो. ज्या अंगणाला पाव ब्रास लागेल असं वाटलं होतं, तिथे चाळून झाल्यावर कापडाखाली, कडेला आणि कोपऱ्यांत दबलेली इतकी खडी निघाली की नवी मागवावीच लागली नाही, असं मी दोनदा पाहिलं आहे.